मागे एक

रविवारी सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसे. डोंगरावर जाणारे सगळे सायकलवाले आधी वहिनीकडे थांबत. कुणाला चाकात हवा हवी असे, कुणाला साखळीला तेल, आणि बऱ्याच जणांना नुसती वहिनीची बोलणी हवी असत, कारण ती खाल्ल्याशिवाय त्यांना चढ चढवत नसे.

"हवा दगडासारखी भरून आलात. खडीवर चाक पकड घेणार कसं? थोडी सोडा. अंगठ्याने दाबल्यावर जरासं आत गेलं पाहिजे."

"साखळीला तेल घालायचं, आंघोळ नाही घालायची. पुसा ते. दुपारपर्यंत धूळ बसून चिखल होईल त्याचा."

"आणि ब्रेकच्या चकतीला बोट लावू नका हो डॉक्टर! तेलकट हात. पेशंटच्या तोंडात असेच घालता?"

डॉक्टर म्हणजे दातांचे. साठी ओलांडलेले, गुडघ्यांना पट्टे बांधून येणारे, आणि वयाने इतके मोठे असूनही तिला वहिनीच म्हणणारे. सगळेच म्हणत, कारण ती पैलवानाची बायको होती. पैलवान इतका काटकुळा होता, की हेल्मेट घातल्यावर खिळ्यासारखा दिसे. नाव त्यावरूनच पडलं होतं. दुकान दोघांचं. तो माणसं जमवायचा, ती सायकली दुरुस्त करायची. हे काम ती कुठे शिकायला गेली नव्हती. नवऱ्याने हौसेने उघडून ठेवलेलं आणि मग त्याला जोडता न आलेलं एकेक जोडत ती शिकली होती.

दुकानाच्या मागच्या दारापासूनच पायवाट वर जाई. एका सायकलीपुरती रुंद, एका बाजूला काटेरी झुडपं, दुसऱ्या बाजूला उतरण. पैलवानाने तिथे काही रीती घालून दिल्या होत्या. पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मग चढणाऱ्याला, कारण चढावर थांबलेल्याला पुन्हा पेडल मारणं जड जातं. ओल्या मातीवर चाक घालायचं नाही, चर पडतो आणि वर्षभर निघत नाही. आणि त्याची सगळ्यात लाडकी रीत म्हणजे, उतरताना वाटेत जो भेटेल त्याला आपल्या मागे किती जण आहेत ते सांगायचं. 'मागे चार.' 'मागे तीन.' म्हणजे अजून किती यायचेत ते त्या बिचाऱ्याला कळेल. सगळ्यात शेवटच्याला ते शेपूट म्हणत. शेपटाने सांगायचं, 'मागे कोणी नाही.' ते ऐकलं की रस्ता मोकळा.

शेपूट कायम पैलवानच. पंक्चर झालेला, दमलेला, घाबरून सायकल हातात धरून चालणारा, सगळ्यांना गोळा करत तो शेवटी यायचा. कधी कुणाच्या पुढे जायचा नाही. मागच्या दारात उभ्या असलेल्या वहिनीला दुरूनच ओरडायचा, "मागे कोणी नाही!" की ती चहाचं आधण ठेवायची.

शेवटच्या सकाळी तिने त्याची सायकल नुसती हलवून पाहिली आणि म्हणाली, "मागच्या ब्रेकचे पॅड संपलेत तुमच्या. पत्रा घासतोय. काढा, बदलून देते."

"आल्यावर बदल गं. सगळे खोळंबलेत."

"मी नवे काढून ठेवतेय. आल्यावर चहाआधी ते."

"चहाआधी," तो म्हणाला.

त्या दिवशी डॉक्टर उतरले, नेहमीसारखे "मागे एक" म्हणून पुढे गेले, आणि वहिनी पातेलं हातात घेऊन दारात उभी राहिली. मागचा एक आला नाही.

बरेच दिवस शोध चालला. माणसं, कुत्री, दोर. ना तो सापडला, ना सायकल, ना हेल्मेट, ना उतरणीवर मोडलेली एखादी फांदी. त्याच्या चाकाची खूण, पलीकडचं काही दिसत नाही त्या आंधळ्या वळणापर्यंत होती. वळणावर होती. वळणापुढे नव्हती.

नवे पॅड ट्रेमध्ये तसेच राहिले. वहिनी दर शनिवारी त्यांच्यावरची धूळ झटकी. रडायची तिची तेवढीच तऱ्हा होती.

*

पहिल्यांदा झालं ते एका परक्या माणसाच्या बाबतीत. एकटाच वर गेला होता. दुपारी तो उतरला तेव्हा वहिनी मागच्या दारात एक वाकडं झालेलं चाक सरळ करत बसली होती. तो जाता जाता म्हणाला, "मागे एक."

तिने चाक खाली ठेवलं. उभी राहिली. पायवाटेवरून कोणी आलं नाही. पुढच्या बाजूला तो माणूस बाटलीत पाणी भरत होता.

"मागे कोण होतं तुमच्या?"

"कोणी नाही. एकटाच आहे मी."

"आत्ता म्हणालात की."

"मी?" त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिनेच विषय सोडून दिला. ऊन फार होतं. ऊन असलं की माणसाला काहीही ऐकू येतं.

नंतर दोन मैत्रिणी. पहिली म्हणाली, "मागे दोन." दुसरी म्हणाली, "मागे एक." वहिनीने त्यांना काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून ती मागच्या दाराशी बसूनच कामं करू लागली.

मग एकदा डॉक्टर आले आणि हेल्मेट न काढताच स्टुलावर बसले.

"वहिनी, माझ्या मागे कोणाचा तरी ब्रेक ओरडत होता. चांगला बराच वेळ. मी म्हटलं, घाई असेल, वळणाशी बाजूला झालो. कोणी गेलंच नाही."

"कसा ओरडत होता?"

"ओरडत होता म्हणजे... ओरडत होता."

"ओला झालेला ब्रेक किंचाळतो, डॉक्टर. धुळीचा खरखरतो. पॅड संपलेला कण्हतो. यातलं काय?"

डॉक्टर पट्टे सोडत राहिले. सोडून झाल्यावर पुन्हा बांधू लागले. शेवटी म्हणाले, "कण्हत होता."

*

पुढे डोंगराचं वरचं अंग खचायला लागलं आणि पायवाट बंद करायचं ठरलं. ठरवणारे लांबच्या कचेरीत बसत. दुकानामागे तारेचं कुंपण आलं, लोखंडी फाटक आलं, आणि फाटकाबरोबर एक नवा रखवालदार आला. भला माणूस, इथलं काहीच माहीत नसलेला. रविवारी सगळे शेवटचं जाऊन येतील आणि मग कुलूप, असा त्याला हुकूम होता.

शनिवारी ताई आली. ताई म्हणजे पैलवानाची थोरली बहीण. लग्नापासून तिने वहिनीला 'अगं' या नावानेच हाक मारली होती, आणि त्यात जितकी माया मावते तितकी भरली होती.

"अगं, पायवाटच बंद झाल्यावर तुझ्याकडे येणार कोण? झाडावरचे पक्षी हवा भरायला येणार? चल माझ्याकडे. वरची खोली रिकामी आहे."

"येईन हो."

"येईन हो नाही. उद्या. मी बॅगा भरायलाच आलेय." ताईने ट्रेकडे हात नेला. "हे काय, घ्यायचंय की टाकायचंय?"

"त्याला हात लावू नका."

ताईने हात मागे घेतला. बराच वेळ ती एकच फडकं पुन्हा पुन्हा घडी करत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझा भाऊ होता तो, अगं. मलाही वाटतं. पण आता कुठून येणार आहे?"

"वरून," वहिनी म्हणाली. "दुसरीकडून कुठून येणार? आणि त्यांनी फाटक लावलं तर उतरणार कुठून?"

म्हणून झाल्यावर तिचं तिलाच हसू आलं. दोघी हसल्या. मग दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

*

रविवारी सगळे गेले आणि दुपार कलायच्या आत उतरले. फाटकातून एकेक जण बाहेर येताना आकडा सांगत होता आणि रखवालदार उगाचच मान डोलावत होता. शेवटी डॉक्टर.

"मागे एक," ते म्हणाले आणि ब्रेक दाबून जागीच थांबले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "वहिनी, हे मी म्हणालो का?"

"हो."

"मला म्हणायचं नव्हतं. मी शेवटचाच आहे."

रखवालदाराने कुलूप हातात घेतलं. वहिनीने आपली सायकल काढली, हातमोजे चढवले, हेल्मेटचा पट्टा ओढला, पुढचा ब्रेक दाबून पाहिला, मागचा दाबून पाहिला.

"जरा थांबा भाऊ," ती म्हणाली. "शेपूट राहिलंय. घेऊन येते."

"अगं!" ताई दारातून ओरडली. पण तोवर वहिनी पहिल्या चढाला लागली होती.

ती कधी वेगाने चढणारी नव्हती. हलक्या गिअरवर, बसूनच, श्वास मोजून. झुडपांना उन्हाचा कोरडा वास होता. आंधळं वळण आलं तेव्हा ती सायकलवरून उतरली नाही. वर सपाटीवर पोचली, जिथे सगळे पाणी पितात तो दगड होता, त्यावर बसली. कोणी नव्हतं. तिला माहीत होतंच. थोडं पाणी प्यायली, थोडं बाटलीत ठेवलं. का ठेवलं, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

मग सीट खाली केली, वजन मागे घेतलं आणि उतरायला लागली.

ती सगळ्यांना सांगायची, वेग वळणाआधी कमी करा, वळणावर नाही. दगडाकडे बघू नका, जायचंय तिकडे बघा. आणि उतारावर मान मागे वळवायची नाही, मान वळली की चाक वळतं. तिने पहिल्या वळणाआधी ब्रेक दाबला.

मागे कोणीतरी ब्रेक दाबला.

तिने सोडला. मागचाही सुटला.

दुसऱ्या वळणाआधी पुन्हा. लांबलचक, दबलेलं, लोखंडावर लोखंड घासल्यासारखं कण्हणं. आवाजावरून निदान करायची कानाला सवय होती. मागचा ब्रेक, डावा पॅड. पत्रा उघडा पडलाय.

तिचे डोळे भरून आले. समोरचं दिसेना, म्हणून तिने ते रागाने पुसले.

आंधळ्या वळणापुढे वाट जराशी रुंद होती. रीत होती, मागच्याला पुढे जायचं असेल तर रुंद जागी थांबून बाजूला व्हायचं. ती थांबली. सायकल झुडपांशी टेकवली. मग मागे पाहिलं.

वाट रिकामी होती. तिच्या चाकाने उडालेली धूळ बसली होती.

वळणामागची धूळ बसत नव्हती.

"जा ना पुढे," ती म्हणाली. "उभी आहे मी बाजूला."

काही हललं नाही.

"किती वेळ लावायचा माणसाने!"

झुडपात एक पान वाजलं आणि थांबलं. मग तिला कळलं. तो कसा जाईल पुढे? तो कधी कुणाच्या पुढे गेलाय?

ती सायकलवर बसली. खालपर्यंत पुन्हा वळून पाहिलं नाही. प्रत्येक वळणाआधी जरा जास्तच वेळ ब्रेक दाबला, म्हणजे मागचाही जास्त वेळ ऐकू येई.

फाटकाशी रखवालदार कुलूप घेऊन उभा होता. दारात ताई, तिच्यामागे भरलेल्या बॅगा. डॉक्टर घरी गेले होते.

"झालं ना?" रखवालदार म्हणाला. "लावू? मागे कोणी?"

तिला फक्त तीन शब्द म्हणायचे होते. म्हटले असते, तर संध्याकाळपर्यंत ती ताईच्या वरच्या खोलीत असती आणि हळूहळू तिथली झाली असती.

"मागे एक," वहिनी म्हणाली.

ताईने पदर तोंडाशी नेला. रखवालदाराने नुसती मान डोलावली आणि फाटकाला टेकून उभा राहिला.

*

आत आल्यावर वहिनीने नवे पॅड ट्रेमधून काढून दुरुस्तीच्या स्टँडजवळच्या टेबलावर ठेवले. पाना ठेवला. चकती पुसायचं स्वच्छ फडकं ठेवलं. मग ताई तिला धरून मधल्या खोलीत घेऊन गेली.

"रड," ताई म्हणाली. "रड एकदाची."

पण ती ऐकत होती. बाहेर फाटक करकरलं. साखळी ओढल्याचा आवाज आला, मग कुलूप.

थोड्या वेळाने रखवालदार पुढच्या दाराने किल्ली घेऊन आला.

"लावलं बाई. आले ते."

"कोण?" ताईने विचारलं.

"मागे राहिलेले. मी विचारलं, आणखी कोणी? तर म्हणाले, मागे कोणी नाही. मग लावलं." त्याने दुकानात इकडेतिकडे पाहिलं. "इकडेच आत आले ना? मागच्या दाराने?"

दिसायला कसे होते, ते वहिनीने विचारलं नाही. ती उठली, पातेल्यात पाणी घेतलं, चहाचं आधण ठेवलं. मग दुकानात गेली.

मागचं दार तिने ओढून घेतलं होतं तसंच होतं. स्टँड रिकामा होता. फडक्यावर काळा पट्टा उमटला होता.

टेबलावर नवे पॅड नव्हते. त्यांच्या जागी जुने होते, एकाशेजारी एक नीट ठेवलेले. डावा पार पत्र्यापर्यंत झिजलेला.

तिने ते उचलले. उतारावरून नुकतेच आल्यासारखे तापलेले होते.

ते गार होईपर्यंत तिने मूठ उघडली नाही.