चौकटीवरचा हात

सिनेमा संपला, दिवे लागले, नऊ प्रेक्षकांपैकी आठ जण कोट चढवून निघून गेले, आणि शेवटच्या रांगेतला नववा मात्र बसूनच राहिला. बाहेर ऑक्टोबरचा बारीक पाऊस लागला होता. आश्लेषाला खोलीला कुलूप लावून किल्ली परत द्यायची होती आणि तिच्या पोटात कावळे कोकलत होते. ती दोनदा खाकरली, तरी त्याला ऐकू गेलं नाही. मग त्याचा फोन वाजला.

"हो आई," तो हळूच म्हणाला, "जेवलो. केव्हाच जेवलो."

"खोटं!" आश्लेषाच्या तोंडून निघून गेलं. "दोन तास इथेच बसलाय तुम्ही. मी साक्षीदार आहे."

तो दचकला. फोन ठेवला आणि हसला. हसताना त्याचे डोळे ओले होते, म्हणून तिने उगाचच प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला घेतली.

आश्लेषा मूळची नागपूरची. न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठात ती सिनेमावर पीएच.डी. करत होती. घरच्यांच्या भाषेत, चांगलं इंजिनिअरिंग सोडून सिनेमे बघायला अमेरिकेत गेली होती. तिचा विषय ऐकला की लोक गप्प होत: महायुद्धाच्या काळात नाव, धर्म, प्रार्थना सगळं लपवून जगलेली ज्यू मुलं-मुली पडद्यावर कशी दाखवतात. दर रविवारी दुपारी ती असा एक सिनेमा दाखवायची. आजच्या सिनेमातली आई मुलीच्या कोटाची बटणं लावता लावता तिच्याकडून नवं, खोटं नाव वीस वेळा म्हणवून घेते आणि तिला एका कॉन्व्हेंटमध्ये सोडून जाते. मुलगी सगळं नीट करते. पण एक दिवस दारातून आत येताना तिचा हात सवयीने चौकटीकडे जातो... तिच्या घरी तिथे मेझुझा होता, प्रार्थना लिहिलेल्या चर्मपत्राची छोटीशी लांबट डबी. येताजाता तिला बोटं लावायची आणि ती ओठांना टेकवायची. कॉन्व्हेंटच्या चौकटीवर काहीच नसतं. हात मधेच थांबतो, आणि समोर एक नन उभी असते.

"कसा वाटला?" आश्लेषाने विचारलं.

"ती नन आवडली मला," तो म्हणाला. "तिने पाहिलं... आणि खाली बघितलं. कोणाला बोलली नाही."

"सगळे त्या मुलीबद्दल बोलतात. तुम्हीच पहिले."

"मग मला काही बक्षीस?"

"चहा. पण पैसे तुम्ही द्यायचे. मी स्टुडंट आहे."

त्याचं नाव निमिष पेझारकर. ठाण्यात वाढलेला, गाव अलिबागजवळचं पेझारी. मॅनहॅटनमधल्या एका बँकेत सॉफ्टवेअर लिहायचा आणि जर्सी सिटीत एकटा राहायचा. रविवारी दुपारी पावसात माणूस असला सिनेमा बघायला का येतो, हे तिने त्या दिवशी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं तिला पुढे फार वाटलं.

तो पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. सिनेमानंतर ते चालत निघत आणि आश्लेषा बोलत सुटे: "बघ, प्रत्येक सिनेमात एक क्षण असतो. तोंड खोटं बोलतं, कागद खोटे असतात, पण हात... हात विसरतो की लपायचंय. त्यावरच माझा पेपर आहे." निमिष ऐकत राही आणि छत्री हळूच तिच्या बाजूला कलती करी. त्याचा डावा खांदा दर रविवारी भिजायचा.

एकदा एका हॉटेलात तिने उत्साहाने कोलंबी मागवली. त्याने ताट हलकेच बाजूला सारलं.

"अलिबागचा माणूस आणि कोलंबी खात नाही?" ती ओरडलीच. "समुद्राला कळलं तर काय म्हणेल?"

"ॲलर्जी आहे गं." तो पापलेटाकडे वळला. "तू खा. मी बघतो."

"काय बघतोस?"

"कोलंबी किती नशीबवान असते ते."

आश्लेषाचे कान लाल झाले. थंडीवर ढकलावं तर हॉटेलात हीटर लावलेला होता.

दिवाळी आली. आश्लेषा सुमित्रामावशींच्या घरात एक खोली घेऊन राहायची. मावशी तिच्या आईची मैत्रीण, तीस वर्षांपासून इथे. त्यांची इमारत जुनी, विटांची, आधी कोण कोण राहून गेलेली. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, बोटभर लांबीचं काहीतरी तिरकं ठोकलेलं होतं. त्यावर इतके पांढरे रंग चढले होते की त्याचा नुसता उंचवटा उरला होता. मावशी म्हणायच्या, जुन्या बेलचं असेल. दर दिवाळीला झेंडूच्या तोरणाचं एक टोक त्या तिथेच बांधायच्या. आश्लेषा वर्षभर त्या दारातून ये-जा करत होती. पडद्यावर शंभरदा पाहिलेली वस्तू तिला घराच्या दारात ओळखू आली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

निमिष फराळाला आला. हातात मिठाईचा बॉक्स, अंगात नवा कुडता. मावशी आत "या, या" म्हणत होत्या. उंबरा ओलांडताना त्याचा उजवा हात वर गेला, झेंडूच्या फुलांमागे शिरला, त्या उंचवट्याला लागला आणि बोटं ओठांना टेकली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हे सगळं होऊन गेलं. त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं नसावं.

आश्लेषाच्या लक्षात आलं. ती चकलीचं ताट धरून जागच्या जागी उभी राहिली. ज्यू धर्मात वर्ज्य असलेली कोलंबी... ओले डोळे... ती नन. सगळं एका क्षणात जागेवर बसलं.

"पेझारकर म्हणजे तुम्ही कोण?" मावशींनी पुण्या-मुंबईच्या कुठल्याही मावशीने विचारावं तसं सहज विचारलं. "कुलदैवत कुठलं तुमचं?"

निमिष थांबला. "आमचं... गावाकडचंच..."

"मावशी, करंज्या जळतायत बहुतेक!" आश्लेषा म्हणाली. मावशी आत धावल्या. करंज्या सकाळीच तळून झाल्या होत्या.

त्या रात्री तिला त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की झोप येईना. आपल्याला त्याचं गुपित कळलं, आपण ते सांभाळलं, आपण त्याच्या किती जवळ आलो! आणि मग, मी तिची मैत्रीण, मला वाईट वाटतं सांगायला, पण खरं ते सांगते, तिच्यातली अभ्यासक उठून बसली. तीन दिवसांनी तिने पेपरचा शेवट पुन्हा लिहिला. नाव घातलं नाही. नाव घातलं नाही म्हणजे सगळं ठीक, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एका बुधवारी सकाळी, तिने विद्यापीठातल्या चर्चासत्रात तो पेपर वाचला. चाळीसेक लोक होते. सिनेमांबद्दल बोलून झाल्यावर ती म्हणाली, "माझं शेवटचं उदाहरण पडद्यावरचं नाही." मग तिने दिवाळी सांगितली, झेंडू सांगितला, तो हात सांगितला. कोकणच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहिलेले, मराठी बोलणारे ज्यू असतात, आणि त्यांच्यातला एक तरुण आज इथे, मराठी माणसांतच, गावावरून पडलेल्या आडनावाआड लपून राहतो, असं सांगितलं. तिच्या प्राध्यापक बाई पुढे वाकल्या. "विलक्षण! तो आपल्याशी बोलायला येईल का?"

"विचारून बघते," असं आश्लेषा म्हणणार होती. तेवढ्यात शेवटच्या रांगेत कोणीतरी उठलं. निमिषने तिला सरप्राइज द्यायला अर्धा दिवस रजा टाकली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खाली बघितलं आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. खुर्चीखाली त्याची छत्री राहिली.

अकरा दिवस फोन नाही, मेसेज नाही. आश्लेषा लिहायची आणि पुसायची. बाईंनी पेपर छापायला पाठवायचं ठरवलं, तेव्हा तिने शेवटची तीन पानं काढून टाकली.

"हीच तर सगळ्यात चांगली पानं आहेत," बाई म्हणाल्या. "यांच्याशिवाय जर्नलवाले पेपर बहुतेक घेणार नाहीत."

"ती माझी नाहीत," आश्लेषा म्हणाली. पुढे त्यांनी खरंच घेतला नाही.

रविवारी दुपारी ती छत्री घेऊन त्याच्या इमारतीखाली गेली. तो खाली आला. नदीकाठी दोघे बोचऱ्या वाऱ्यात उभे राहिले.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "नाव घेतलं नाही वगैरे काही सांगणार नाही. तू विश्वासाने आमच्या दारात आलास आणि मी त्याचा... त्याचा सीन केला. सॉरी, निमिष."

तो पाण्याकडे वळला.

"मी लपलो होतो का, मलाच माहीत नाही," तो म्हणाला. "आजोबा गावात तेलाचा घाणा चालवायचे. शनवारी बंद. अख्खं गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं, कोणाला काही वाटायचं नाही. इथे सिनेगॉगला प्रार्थनेला गेलो की विचारतात, 'इंडियन? रिअली?' आपल्या लोकांना सांगितलं की लगेच 'अरे वा, इंटरेस्टिंग!' मला इंटरेस्टिंग व्हायचा कंटाळा आलाय यार. आणि सिनेगॉगच्या दारात पोलीस उभा असतो, तो पाहिल्यापासून आई दर शुक्रवारी फोनवर सांगते, जा, पण बाहेर कुठे बोलू नकोस. म्हणून तुझे सिनेमे बघायला यायचो. त्या मुलांच्याही आया हेच सांगायच्या. ती मुलं मरणाच्या भीतीने लपली होती, आश्लेषा. मी नुसता दमलो होतो. तू आम्हाला एका रांगेत बसवलंस."

आश्लेषाला रडू आवरेना. तिने ते आवरलंही नाही.

"आणि खरं सांगू?" तो तिच्याकडे वळला. "मी दर रविवारी ठरवून यायचो, आज हिला सांगायचं. हे सांगायचं आणि... दुसरंही एक सांगायचं. शब्द जुळवायचो. त्या बुधवारीही त्यासाठीच आलो होतो. तर तू ते चाळीस लोकांना आधीच सांगून टाकलेलं. माझं सांगणंच राहिलं नाही गं."

तिने छत्री पुढे केली. त्याने घेतली, मान हलवली आणि तो वर निघून गेला.

ती घरी आली. मावशींनी दिवाळीचं तोरण अजून काढलं नव्हतं, झेंडू वाळून करडे झाले होते. आश्लेषाने स्टूल आणलं, एक खिळा ठोकला, तोरणाचं टोक त्या उंचवट्यावरून सोडवून खिळ्याला बांधलं. उंचवटा उघडा झाला, पांढऱ्या रंगाखाली तसाच. स्वयंपाकघरातून सुरी आणून रंग खरवडावा असं तिच्या मनात आलं. ती सुरी घेऊन उभीही राहिली... आणि मग परत ठेवून आली.

पुढच्या रविवारी बर्फाचे बारीक कण पडत होते. दुपारी बेल वाजली. दारात निमिष, हातात डबा. त्याने खिळ्याकडे पाहिलं, मग उघड्या चौकटीकडे.

"हे कोणी केलं?"

"मी. रंग नाही काढला," आश्लेषा म्हणाली. "ते मी ठरवायचं नाही. तू म्हणशील तेव्हा, नाहीतर कधीच नाही."

त्याचा हात वर गेला, या वेळी सावकाश, तिच्यादेखत. मग बोटं ओठांना टेकली. आश्लेषाने खाली बघितलं.

"कोण आलंय?" मावशी बाहेर आल्या. "अगं बाई, पेझारकर! त्या दिवशी तुमचं कुलदैवत राहिलंच की!"

आश्लेषा तोंड उघडणार होती. तिने ते मिटून घेतलं.

"मावशी, आम्ही बेने इस्राएल," निमिष म्हणाला. "ज्यू. गावात शनवार तेली म्हणायचे आम्हाला."

मावशी लगबगीने पुढे आल्या. "इश्श! मग आधी नाही का सांगायचं? माझं आजोळ रेवदंड्याचं. शेजारचे सोलोमन मास्तर होते म्हणून माझं गणित सुटलं! त्यांच्या घरचे पोहे... गूळ-खोबरं घातलेले, पूजेचे... काय बरं म्हणायचे?"

"मलिदा." निमिषने डबा पुढे केला. "आईला विचारून केलाय. पहिल्यांदाच. खोबरं जरा जाड झालंय."

मावशी डबा घेऊन आत गेल्या, आणि आतूनच ओरडल्या, "म्हणजे ती कोलंबीची ॲलर्जी थापच होती म्हणायची! ही मला सांगत होती!"

निमिष हसला. आश्लेषाही, पण तिला नीट जमेना.

"मला वाटलं, आता तुझ्याकडे सांगायला काही उरलं नाही," ती म्हणाली.

"दुसरं उरलंय ना. आवडतेस तू मला. पहिल्या दिवसापासून... तू वायर गुंडाळत होतीस तेव्हापासून."

"मलाही," ती म्हणाली. फार शिकलेली मुलगी, पण तेवढेच शब्द सुचले.

"आणि अजून एक आहे. ते कुठल्याच सिनेमात नाही." तो वाकला. "घरचं नाव. प्रार्थनेच्या वेळी हाक मारतात ते. ऑफिसात नाही, व्हिसावर नाही. आईशिवाय ते आता कोणी घेत नाही."

त्याने ते तिच्या कानात सांगितलं. तिने तसंच हळू, त्याच्या कानात, एकदा म्हणून दाखवलं. तो म्हणाला, बरोबर.

ते नाव आश्लेषाने कुठेही लिहिलं नाही. मलाही तिने सांगितलेलं नाही, आणि मी विचारलं नाही.