सात सेंटिमीटर

अँटेना बनवणं हे काही फार नवलाचं काम नाही. तांब्याची चिकट पट्टी घ्यायची, अठ्ठावन्न सेंटिमीटरचे दोन तुकडे कापायचे, विमानाच्या फायबरच्या शेपटीत आतून फाकवून चिकटवायचे आणि वायर जोडायची. मग जमिनीवरच्या केंद्राचा संदेश पकडून पायलटसमोरची सुई वाट दाखवते. शेडमधला मेकॅनिक, थोरला, याने अशा डझनभर केल्या होत्या.

मागच्या वर्षी मात्र विमानाच्या मालकाने घाईघाईत पट्ट्या स्वतःच लावल्या. शेपटीत मावेनात, म्हणून सात-सात सेंटिमीटर छाटून टाकल्या. ढगात सुई भरकटली आणि ते चालवणारा थोरल्याचा धाकटा भाऊ विमानासकट टेकडीवर आदळला. "चूक पायलटचीच," म्हणून मालक हात झटकून मोकळा झाला. तपासणीच्या कागदावर 'लांबी बरोबर' लिहून सही केली होती थोरल्याने. न मोजता. तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता, आणि मालकाने तर नवं विमानही आणलं होतं. मालकाला पाहिलं की थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

सोमवारी थोरल्याने या नव्या विमानात पट्ट्या नीट मोजून लावल्या. मंगळवारी सकाळी शेडचं कुलूप काढून पुन्हा मोजल्या, तर एक्कावन्न. टोकं दुमडलेली होती. ती धाकट्याची सवय. "बोटाला लागतं रे दादा," म्हणून तो प्रत्येक टोक दुमडायचा.

थोरल्याने त्या उपटून नव्या लावल्या. बुधवारी पुन्हा एक्कावन्न. छाटलेले तुकडे कुठेच सापडले नाहीत.

त्याने नवी पट्टी कापायला उचललेली कात्री खाली ठेवली.

"बरं," तो रिकाम्या शेडमध्ये म्हणाला. "तुझ्या मनासारखं होऊ दे."

त्याने झाकणाचे स्क्रू आवळले आणि कागदावर लिहिलं, 'लांबी बरोबर'.

गुरुवारी दुपारी मालकाने सही निरखून पाहिली. "मोजलीस ना?"

"दोनदा मोजली."

"मग चल, बस शेजारी. स्वतःच्या कामावर भरवसा आहे ना?"

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तो चढला.

ढग लागले. सुई भरकटली नाही. मधोमध येऊन ठाम उभी राहिली; समोर, ढगाआड, तीच टेकडी होती.

"वा!" मालक म्हणाला.

थोरल्याने घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला. त्याबरोबर तांब्याचे चार तुकडे मांडीवर पडले. सात-सात सेंटिमीटरचे.

टोकं दुमडलेली. बोटाला लागू नये म्हणून.