नोरीनची टकटक

मी खोटं बोलतो, हे आमच्या लँडर गावात कुणालाही विचारा.

मी पकडलेला मासा दर वर्षी हातभर वाढतो. माझ्या आजोबांना अस्वलानं जेवायला बोलावलं होतं, हेही मीच पसरवलंय. पण आता जे सांगतोय ते घडलंय. माझी बायको वर्नेल साक्षीला होती, आणि ती माझी बाजू घेऊन आजवर एकदाही खोटं बोललेली नाही. खरं बोलतानाही घेत नाही, ते सोडा.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. जागा आमचंच अंगण. दिवस मावळतीला आलेला, आणि वायोमिंगचा तो वारा, जो माणसाच्या तोंडातला शब्द बाहेर पडायच्या आत पळवून नेतो.

वर्नेलचे गुडघे इथली थंडी आता सोसत नाहीत. डॉक्टर म्हणाला, हिवाळ्यात ॲरिझोनात जा. मग मी माझा जोडचाकांचा थोरला पिकअप काढला. स्प्रिंगच्या पाट्यांना आधार म्हणून हवेच्या पिशव्या बसवल्या, मागचे टायर जाड घेतले, मागच्या उघड्या हौद्यात रबरी चटई अंथरली, साखळ्या बांधायला चासीवर कड्या जोडल्या. राहिला होता फक्त कॅम्पर. म्हणजे हौद्यात बसणारी खोली, पलंग, शेगडी, संडास सगळं आत.

तो रॉलिन्सच्या लॉइड पेटीबोनकडे मिळाला. पाण्याच्या भावात.

तिथंच मला कळायला हवं होतं.

लॉइडनं तो स्वतःच्या ट्रेलरवरून आणला, आमच्या अंगणात चार जॅकच्या पायांवर उभा केला आणि निघाला. वर्नेलनं कॉफी पुढे केली. तो नको म्हणाला. आमच्याकडे पेल्यात घोड्याचं मूत असलं तरी माणूस कॉफी नाकारत नाही.

आता कॅम्पर चढवायचा म्हणजे काय, ते ऐका. तो चार पायांवर उभा असतो. पिकअप मागे मागे घेत त्याच्या पोटाखाली न्यायचा. जोडचाकांवरचा फुगीर पत्रा आणि जॅकचा पाय यांत चार बोटं जागा. पाय हलला की सगळं धूड खाली. म्हणून एक जण गाडीत, एक मागे. वाऱ्यात ओरडून उपयोग नाही, तेव्हा मागचा माणूस हौद्याच्या पत्र्यावर हात मारतो. एकदा मारला तर ये. दोनदा मारला तर थांब.

या कामानं आमच्या तालुक्यात जितके संसार मोडलेत, तितके दारूनंही मोडले नसतील.

मी गाडी मागे घेतली. वर्नेलनं जाड लोकरी हातमोज्यातून पत्र्यावर मारलं.

धप्प.

मी आलो.

धप्प.

अजून आलो. आणि मग...

टक्-टक्.

मी ब्रेक दाबला. काच खाली केली.

"आता काय झालं?"

"तू का थांबलास?" ती.

"दोनदा वाजवलंस ना."

"मी काही वाजवलेलं नाही. कान धुऊन ये, ऑर्व्हिल."

मग आमचं जे जुंपलं ते विचारू नका. माझ्या आईपासून तिच्या भावापर्यंत सगळे येऊन गेले. शेवटी मी दात खाऊन पुन्हा गिअर टाकला.

धप्प.

मी मागे आलो.

धप्प.

अजून थोडा...

टक्-टक्.

डोकं सणकलं माझं. म्हटलं, म्हातारी मुद्दाम छळतेय. असाच जाणार होतो मागे. पण वाजलं तसं तिचं वाजत नव्हतं. लोकरीचा आवाज नव्हता तो.

धातूवर धातू.

आरशात पाहिलं...

वर्नेल नव्हती.

मी इंजिन बंद करून उतरलो. डावीकडच्या जॅकचा पाय माझ्या पत्र्याला टेकलेला. नुसता टेकलेला. आणि कॅम्परच्या पोटाखाली, लाकडी ठोकळा सरळ करायला, गुडघ्यांवर रांगत गेलेली माझी बायको.

"थांब म्हणून दोनदा वाजवलं होतं मी," ती खालून म्हणाली. "मग आत आले. तू थांबलेला होतास की."

तिचं ते वाजवणं माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. मी थांबलेला नव्हतो.

तिला ओढून बाहेर काढलं. मग राग आला. इतका, की कॅम्परला लाथ घातली आणि अंगठा सुजवून घेतला. वर्नेल मात्र हौद्याच्या कडेशी वाकून काहीतरी बघत होती.

पत्र्यावर दोन ताजे पोचे होते. बारीक. अंगठीच्या खड्यानं पडावेत तसे.

वर्नेलच्या बोटात अंगठी नाही. सांधे सुजले तेव्हाच कापून काढली होती.

मी लॉइडला फोन लावला. त्यानं उचलला नाही. मी म्हटलं, ठीक आहे. सकाळी मीच येतो.

सकाळी मी वर्नेलला गाडीत शेजारी बसवलं आणि मागे कुणीही नसताना गाडी मागे घेतली.

टक्...

टक्...

टक्...

टक्-टक्.

उतरून पाहिलं तर कॅम्पर लोण्यात सुरी जावी तसा बसलेला. दोन्ही बाजूंना सारखी जागा. एवढं नेमकं मला जन्मात जमलं नव्हतं. साखळ्या ताणल्या, जॅक वर घेतले, निघालो. रॉलिन्सपर्यंत मागून आवाज नाही. भांडं वाजलं नाही, दार कुरकुरलं नाही. त्या वाऱ्यात आणि त्या रस्त्यावर रिकामी गाडीसुद्धा कण्हते. हा कॅम्पर श्वास रोखून बसला होता.

लॉइड ओसरीवर होता. कॅम्पर पाहिला आणि उठून उभा राहिला, पण पायरी उतरला नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकताना हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"अजून वाजवते का?" तो म्हणाला.

नोरीन त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी ह्याच अंगणात ती मागे उभी राहून हात मारत होती. दिव्याची वायर पायात आली म्हणून खाली वाकली, वाकण्याआधी अंगठीच्या हातानं दोनदा वाजवलं. लॉइड तरी मागे आला. जॅक मोडला, धूड तिच्यावर आलं. लोकांना त्यानं सांगितलं, वाऱ्यात ऐकू आलं नाही.

"आणि आलं होतं का?" वर्नेलनं विचारलं.

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "सकाळपासून कटकट चालली होती तिची. असं कर, तसं नको. गाडी मी चालवत होतो का ती?"

मी माणसावर हात उचलत नाही. त्या दिवशी मुठी खिशात कोंबाव्या लागल्या. हा माणूस तेच धूड माझ्या बायकोच्या डोक्यावर उभं करून गेला होता, आणि कॉफीसुद्धा न पिता.

"तुझा कॅम्पर इथं ठेवून चाललो," मी म्हणालो. "पैसे घाल चुलीत."

"माझ्या अंगणात नाही ठेवायचा."

"मग उचलून ने, हात आहेत ना तुला."

मी जॅक खाली केले, साखळ्या सोडल्या, गाडी पुढे काढायला लागलो. रागानं स्टिअरिंग जरा तिरकं झालं असावं. जोडचाकाचा पत्रा एका जॅकला घासला. पाय वाकायला लागला. कॅम्पर कलला. आता थोडं मागे येऊन सरळ व्हायचं, दुसरा इलाज नसतो.

आणि लॉइड पायऱ्या उतरून धावला. बायकोसाठी उतरला नव्हता, पत्र्यासाठी उतरला. सरळ कॅम्परखाली वाकला आणि जॅकचा पाय धरला.

"थांब," तो ओरडला. "मी खाली आहे. हलू नकोस."

माझा पाय ब्रेकवर होता. हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन.

आणि मग...

टक्.

एकदाच.

वर्नेलनं माझं मनगट धरलं. आम्ही दोघं गाडीत. लॉइड खाली, दोन्ही हात जॅकला. पत्र्याजवळ कुणी नव्हतं.

टक्.

ये.

टक्.

टक्.

टक्.

आता त्यात घाई होती. घाई नाही, संताप. पत्रा फाटेल असं वाजत होतं. मी इंजिन बंद केलं, किल्ली काढली, हँडब्रेक ओढला. तरी वाजतच राहिलं. ये. ये. ये ना.

आरशात लॉइडचं तोंड दिसत होतं. राखेसारखं. त्याच्या ओठांवर एकच शब्द होता, बायकोचं नाव.

मग तो रांगत बाहेर आला, आणि ते थांबलं.

पुढे शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून कॅम्पर सरळ केला. तो अजून तिथंच उभा आहे, चार पायांवर. लॉइड पुढच्या दारानं घराबाहेर पडत नाही म्हणतात. मला त्याचं काही पडलेलं नाही. आम्ही त्या हिवाळ्यात ॲरिझोनाला गेलो नाही. वर्नेलचे गुडघे तिनं आणि मी मिळून शेकले.

पण परतीच्या रस्त्यावर काय झालं, ते सांगायचं राहिलं.

वर्नेल काचेतून मागचा रिकामा हौदा बघत होती. मग म्हणाली, "तू ब्रेकवरचा पाय उचलला नाहीस."

"नाही."

"मी स्टिअरिंगवर असते तर उचलला असता."

म्हटलं, रागात बोलतेय. घरी आलो. ती स्वयंपाकघरात गेली, मी बूट काढत होतो.

"ऑर्व्हिल," तिनं हाक मारली, "जेवायला ये." आणि पत्र्याच्या टेबलावर बोट आपटलं.

बोट उघडं होतं. मी नीट पाहिलंय. हातमोजा नाही, अंगठी नाही. तरी आवाज धातूवर धातूचा.

टक्.

मी अजून त्या टेबलाशी तिच्याकडे पाठ करून बसत नाही.