दोरावरचा माणूस

दुपारी ओहोटी लागली, तसे दोघे भाऊ होडी बांधून बेटावर उतरले. विहिरी खणणं हा त्यांचा धंदा. पण बेटावरचा खड्डा धंद्यातला नव्हता. तो बाबांचा होता. चाच्यांनी पुरलेला खजिना इथेच आहे, असं ऐकून कितीतरी जण खणून गेले. हाती लागला तो चिखल. भरती आली की खड्डा आपला आपण पाण्यानं भरायचा. बाबांनी सगळी हयात त्यात घातली आणि मरताना नेमकी जागा सांगितली, ती थोरल्याच्या कानात. धाकट्याला त्याच वेळी पाणी आणायला पाठवलं.

ते धाकट्याला फार लागलं होतं. लहानपणी थोरल्याचे जुने सदरे घातले, त्याचं काही नाही. पण मरणाऱ्या बापानंही आपल्याला परकं करावं?

थोरला खाली उतरला. धाकटा दोर धरून वर बसला. दोन हिसके म्हणजे वर ओढ. आणि दोर धरणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, खालच्याची हाक ऐकू यायला हवी, हा बाबांचा नियम.

बराच वेळ कुदळीचा आवाज येत होता. मग तो थांबला. ओल्या मातीच्या वासात विडीचा वास मिसळून वर आला. बाबांच्याच विडीचा. खाली कुणीतरी खोकलं.

"इकडे, बाळा... अजून जरा डावीकडे..."

धाकट्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण त्याहून जास्त त्याचा जळफळाट झाला. मेल्यावरसुद्धा थोरलाच! आपल्याला त्यांनी जन्मात कधी बाळा म्हटलं नाही. दोराला दोन हिसके बसले. त्यानं ओढला नाही. पुन्हा बसले. बाबा पुढे काय सांगतात, ते त्याला ऐकायचं होतं. थोरल्यानं बोंब ठोकली, तेव्हा कुठे त्यानं दोर ओढायला घेतला.

थोरला वर आला तो कमरेपर्यंत भिजलेला आणि रागानं लालबुंद.

"दोर का नाही ओढलास?"

"तू... खाली कुणाशी बोलत होतास?"

"मी? बोलत तू होतास. बाबांशी. मी खाली चिखलात, आणि वर तुमच्या गप्पा रंगल्यात! 'शहाणा माझा' म्हणाले तुला. मला म्हणाले होते कधी?"

एखादा शहाणा तिथूनच होडीकडे पळाला असता. धाकट्यानं कुदळ उचलली.

"आता मी उतरतो."

"उतर," थोरला दोर मनगटाला गुंडाळत म्हणाला. "मीही बघतो जरा वर बसून."

खाली कुणीच नव्हतं. नुसतं पाणी, आणि भरती लागल्यानं ते चढत होतं. गुडघ्याला लागलं तसे त्यानं दोन हिसके दिले. दोर हलला नाही. पुन्हा दिले. पाणी कमरेवर आलं.

"दादा! पाणी भरतंय... ओढ ना रे!"

वर कुणीतरी खोकलं. मग हलक्या आवाजात बोलणं सुरू झालं. बाबा थोरल्याला काहीतरी सांगत होते. काय सांगत होते? पाणी छातीला लागलं होतं, तरी धाकट्यानं ओरडणं थांबवलं, श्वास रोखला आणि कान वर लावले.

"गप्प झाला का रे?" बाबांनी विचारलं.

"हो," थोरला म्हणाला. "ऐकतोय."