दुपारचा टोल

"घंटी वाजली. समोर खायला काही नाही, तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटलं. का सुटलं असेल?" नजीरानं रिकाम्या वर्गाला विचारलं आणि शेवटच्या बाकावरून उत्तर आलं.

"सवय लागली की, बाई... घंटीची."

पुरुषाचा आवाज. घोगरा, जरा भ्यालेला. नजीराच्या हातातला खडू सुटला आणि गडगडत पहिल्या बाकाखाली गेला. वर्गात कुणीही नव्हतं. सकाळची शाळा केव्हाच सुटली होती. बाहेर मार्चचं टळटळीत ऊन, पटांगणात चिटपाखरू नाही. तिच्यासमोर रिकाम्या बाकांच्या ओळी आणि शेवटच्या बाकामागं लाकडी फळ्यांची भिंत, एवढंच.

"शाबास... बसा खाली," ती सवयीनं बोलून गेली, आणि मग तिला दुहेरी घाम फुटला. एक तर ती भुताशी बोलली होती. आणि दुसरं म्हणजे, ऐकणारं कुणीतरी असताना तिचा आवाज फुटला होता!

हे दुसरं नवल मोठं होतं. नजीरा हुपरीची. घरात पैंजण घडवायचा धंदा, आणि ही कोल्हापूरला लालबी खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून बी.एड. करणारी. शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण गेल्या वर्षी अंतिम पाठाच्या परीक्षेत परीक्षक शेवटच्या बाकावर येऊन बसले, चष्म्यातून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिचा घसा जो मिटला तो मिटलाच. मुली खुसखुसल्या. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. झाली परीक्षा!

"आणि एक डाव बघू," मीरासाब, म्हणजे तिचे अब्बा, म्हणाले होते. "या खेपेला गाडी अडली तर मिरजेचं स्थळ पक्कं." मिरजेच्या लोकांना सून हवी होती, मास्तरीण नको होती.

म्हणून तिनं या शाळेच्या शिपायाला, केरबाला, गळ घातली. केरबा खालाचा शेजारी. हेडमास्तरांच्या नकळत तो दुपारी वर्ग उघडून द्यायला तयार झाला, पण एक ताकीद देऊनच. "मागल्या बाकावर एक मास्तर बसत्यात. कवाच गेल्यालं. काय विचारलंसा तर जबाब देतील, भिऊ नगा. फकस्त त्या बाकाजवळ जायचं न्हाई. अन् ह्यातलं कुणापाशी बोलायचं न्हाई. बोललासा की मास्तर संगं घराकडं येत्यात!"

तेव्हा ती मनातल्या मनात हसली होती. आता हसू कुठल्या कुठे पळालं. पण दुसऱ्या दिवशी ती परत आली. जिवंत माणसासमोर मिटणारा गळा मेलेल्या माणसासमोर उघडतोय, तर तसं का होईना!

रोज केरबा कुलूप काढून जेवायला घरी जायचा. जरा वेळानं टोल पडायचा, एकदाच. फुटक्या भांड्यावर मारल्यासारखा... ठण्ण. जाता जाता केरबाच देत असेल, असं तिनं धरून चाललं. टोल पडला की ती फळ्याकडे वळायची आणि पाठीवर गार काटा यायचा. कारण तेवढ्यात मागच्या बाकावर कुणीतरी बसल्याचा आवाज व्हायचा. लाकूड हलकंसं करकरायचं. वळून बघावं तर बाकावरची धूळ जशीच्या तशी.

पाठाची तयारी आणि पेपराची उजळणी एकदमच व्हावी म्हणून ती मानसशास्त्रच शिकवायची. आणि भूत दिवसेंदिवस धीट होत गेलं.

"पिंजऱ्यात कोंडलेलं मांजर बाहेर कसं पडलं?"

"धडका मारत, बाई. चुकत चुकत... एक डाव कडी निघाली."

"याला काय म्हणायचं?"

"प्रयत्न आणि प्रमाद." जरा थांबून, "बाई, माणसाचं बी असंच असतंय काय? चुकत चुकत... एखाद्या दारात येऊन पोचायचं?"

नजीराची कानशिलं तापली. "हा प्रश्न परीक्षेला येत नाही."

"मग परीक्षा झाल्यावर विचारू?"

ती हसली. भुताला कसली आली परीक्षा! पण संध्याकाळी भाकरी थापताना तेच आठवलं आणि तिला रडू आलं. मेलेल्या माणसाला परीक्षा नाही, पास नाही, नापास नाही, आणि... पुढचंही काही नाही.

एकदा तर तो म्हणाला, "तुमचा आवाज लई गोड हाय, बाई. अगदी जित्या माणसागत."

जित्या माणसागत? म्हणजे आपण काय मेलोय? त्या संध्याकाळी नजीरानं आरशात स्वतःला बराच वेळ न्याहाळलं. लालबी खाला मागून बघतच होती. "एकटीच हसतीस, एकटीच रडतीस. भर दुपारी मोकळ्या केसांनी फिरू नको म्हनलं होतं का न्हाई? काय तरी लागलंय तुला."

लागलं होतं खरं. फक्त खालाच्या उताऱ्यानं उतरणारं नव्हतं.

एप्रिल लागला. अंतिम पाठाच्या आदल्या दिवशी दुपारी आभाळ एकाएकी काळं झालं. टोल पडला, नजीरानं खडू उचलला आणि वळीव कोसळला. धूळ, पालापाचोळा, गारांचा ताशा. खिडक्या आपटल्या, वर्गात संध्याकाळ झाल्यासारखा अंधार झाला. आणि मागच्या लाकडी भिंतीतलं, आजवर कधी नजरेला न आलेलं एक अरुंद दार वाऱ्यानं धाडकन उघडलं.

दारात माणूस उभा होता.

नजीरा किंचाळली. तो तिच्यापेक्षा मोठ्यानं किंचाळला.

"बाई, समद्या प्रश्नांची उत्तरं दिल्यात की मी! आत येऊ नगा!"

"मी कुठं येते? तुम्हीच आलात! मेलेल्या माणसानं असं—"

"मेलेला? कोण मेला? मी मुरगूडचा शमशुद्दीन हाय, बाई!"

गारा थांबेपर्यंत त्यानंच सगळा उलगडा केला. तो दुसऱ्या कॉलेजातून बी.एड. करत होता. पाठ झकास घ्यायचा, पण मानसशास्त्राच्या पेपरात गेल्या वर्षी आडवा झालेला. केरबानं त्याला अभ्यासाला मागच्या बोळातून पलीकडची खोली उघडून दिली होती आणि बजावलं होतं, "पलीकडं एक बाई शिकवत्यात. तापानं गेलेल्या. काय विचारलं तर जबाब द्या, पावणं, न्हाईतर भित्तीतनं आत येत्यात." टोल पडला की तो भिंतीला लागून बाक सरकवून बसायचा.

"पहिल्यांदा भीत भीत आलो," शमशुद्दीन भिजल्या बाहीनं तोंड पुसत म्हणाला. "मग पेपर डोस्क्यात शिराय लागला म्हणून आलो. अन् मग... पेपराचं बी राहिलं बाजूला. बाई जित्या न्हाईत, ह्याचंच वाईट वाटायचं."

त्याचे डोळे तपकिरी होते आणि पापण्यांवर पाणी होतं. नजीराला सांगायचं होतं— मलासुद्धा तेच वाटायचं. तिनं तोंड उघडलं.

आवाज नाही.

जिवंत माणूस, बघणारे डोळे, आणि घसा मिटलेला. उद्या पाठ, आणि पुन्हा तेच! तिचे डोळे भरून आले. शमशुद्दीननं क्षणभर बघितलं. त्याला कळलं. तो मागं सरला आणि दार ओढून घेतलं.

"बाई," भिंतीमागून आवाज आला, "मी भूतच बरा. घ्या पाठ."

"...उद्या मुलींच्या शाळेत परीक्षेचा पाठ. तिथं अशी भिंत कुठली असणार?" भिंतीकडे बघत तिनं कसंबसं विचारलं.

"उद्या मी व्हरांड्यात येऊन थांबतो. दिसायचा न्हाई. फकस्त असीन."

दुसऱ्या दिवशीची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलींची, नवी कोरी. पाठ भूगोलाचा, पंचगंगेचा. परीक्षक शेवटच्या बाकावर बसले. तोच चष्मा. नजीरानं फळ्यावर विषय लिहिला, वळली, आणि घशात कुलूप पडलं. मुली वाट बघत राहिल्या. एक खुसखुसली. परीक्षकांचा हात पेनाच्या टोपणाकडे गेला. मिरज, तिच्या मनात आलं, आता मिरज.

ठण्ण.

तोच टोल. तोच फुटका, एकटा आवाज. पाठीवर गार काटा आला, आणि त्यामागोमाग, रोजच्या सवयीनं, आवाजही आला.

"मुलींनो, पंचगंगेला मिळणाऱ्या चार नद्या आपल्याला दिसतात. पाचवी, सरस्वती, ती कुणालाच दिसत नाही. तरी तिला आपण मोजतो. का बरं?"

हात वर झाले. मग ती थांबलीच नाही. परीक्षकांचं पेन उघडंच राहिलं आणि भराभर चालत राहिलं.

पाठ संपल्यावर ती धावतच व्हरांड्यात आली. खांबाआड शमशुद्दीन उभा होता, पांढराफटक.

"टोल तुम्ही दिलात?" तिनं त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं. बोलता येतंय हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"मी कुठला देतोय? मीच दचकलो! आपला टोल हितं कसा म्हणून..."

वर्गातून बाहेर पडणाऱ्या एका मुलीला नजीरानं थांबवलं. "मघाशी टोल पडला तो कुठं?"

"टोल? आमच्यात विजेची बेल हाय की, बाई. आन् ती आत्ता झाली. मधी कायबी वाजलं न्हाई."

निकाल लागला तेव्हा पावसाळा चांगला मुरला होता. दोघंही पास. अब्बांनी पैंजणं घडवता घडवता मिरजेला नकार कळवला. नजीरा आणि शमशुद्दीन पेढे घेऊन केरबाकडे गेले, ते आधी भांडायला.

"खोटं बोललो, व्हय," केरबा पेढा तोंडात टाकत म्हणाला. "मास्तर बी न्हाईत अन् बाई बी न्हाईत. तरणी पोरगी, तरणा पोरगा, भर दुपारी मोकळी शाळा. एकमेकाचं सांगितलं असतं तर हेडमास्तरांनी मला घरी घालवला असता. भ्यालासा की बोलाय जाणार न्हाई, म्हटलं."

"आणि रोज टोल द्यायचात तो?"

"कसला टोल? मी जेवाय जायचो. आन् हितला टोल गेल्या साली तडकला, मोडीत घातला. त्यो बघा, हूक लोंबतोय नुसता."

ऑफिसामागच्या लिंबाच्या फांदीला गंजका हूक होता. त्याला काहीही अडकवलेलं नव्हतं. पावसाचं पाणी तेवढं ठिबकत होतं.

मग शमशुद्दीननं हळूच विचारलं, "परीक्षा झाली. आता विचारू काय?"

"आधी माझा प्रश्न," नजीरा म्हणाली. "घंटी वाजत राहिली आणि खायला काही मिळालंच नाही, तर सवयीचं काय होतं?"

"मोडती. विलोपन म्हणत्यात त्याला." तो हसला. "म्हणून तर... मोडू द्यायची न्हाई. हुपरीला येऊ, अब्बांना भेटाय?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि—

ठण्ण.

दोघांनी एकदमच मान वर केली. हूक हलतसुद्धा नव्हता. नजीरानं शमशुद्दीनचा हात घट्ट धरला.

"ऐकलात?"

"ऐकला की."

"रविवारी या," ती म्हणाली. "अब्बा घरीच असतात."

केरबानं पुड्यातून दुसरा पेढा उचलला आणि या दोघांना एकदम काय झालं म्हणून बघत राहिला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.