फुकटातला हार

अल्पेश ज्या नव्या बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान होता, ती परवा दर्यावर निघायची होती आणि धक्क्यावर लावायच्या बॅनरचं काम त्याच्या बायकोकडे, हेमालीकडे आलं. त्यांच्या कोळीवाड्यात नवी बोट निघाली की बॅनर लागतोच. चौलच्या दुकानात डिझाइनचे वेगळे पैसे, म्हणून तिनं मोबाइलवर फोटो सजवायचं एक फुकटचं अ‍ॅप घेतलं. फुकट ते पौष्टिक म्हणतात ना, ते म्हणणाराच पुढे बोंबलतो.

अ‍ॅप मोठं गोडबोलं. फोटो बघू दे म्हणालं, तिनं दिले. मग कॅमेरा, मग माइक, मग सगळ्यांचे नंबर, मग तू राहतेस कुठे. हेमाली दर वेळी ‘परवानगी द्या’ दाबत गेली. शेवटी लांबलचक इंग्रजी मजकूर आला, तोही न वाचता मान्य केला. तिला कशाला नावं ठेवायची? तुम्ही तरी कधी वाचलाय?

फोटो बोटीचा होता. पुढच्या टोकावर अल्पेश उभा. पूजेला बोटीला हार घालतातच, म्हणून तिनं मोफत मिळणारा झेंडूचा हार बोटीच्या टोकावर बसवला. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायचा नसतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं घातला तो बोटीला. पण त्या मेल्या अ‍ॅपला बोट कळत नव्हती, त्याला फक्त चेहरे कळत होते.

बोट गेली. खोल दर्यात फोन लागत नाही, त्याची तिला सवय होती.

मग एका दुपारी शेजारची सगुणामावशी बोंबील वाळत घालायचे टाकून धावत आली. मासळीच्या वासाच्या ओल्या हातात मोबाइल.

“गो हेमाली... अल्पेशला काय झाला?”

“काय व्हनार? दर्यावर हाय.”

“मग ह्ये काय हाय?”

मावशी कालवणाचा व्हिडिओ बघत होती, मध्येच जाहिरात आली. ‘तुमचे फोटो सजवा, अगदी मोफत.’ खाली अल्पेश. गळ्यात झेंडूचा हार, डाव्या भुवईवर तिरकी पांढरी पट्टी, चेहऱ्यावर हसू नाही. मागे त्यांच्याच घराचा निळा दरवाजा.

हेमालीनं मोबाइल ओढून घेतला आणि फोटो मोठा करून बघितला. असा फोटो तिनं कधी काढलाच नव्हता. अल्पेशच्या कपाळाला कधी पट्टी लागली नव्हती.

दिवेलागणीपर्यंत तो फोटो निम्म्या कोळीवाड्याच्या फोनवर फिरला. मयताच्या घरी बसतात तशा बायका येऊन ओटीवर बसल्या.

“जित्ता हाय माजा नवरा! उठा सगळ्या!” हेमाली ओरडली.

कुणी उठलं नाही. तिनं अ‍ॅप काढून टाकलं, जाहिरात थांबली नाही. कंपनीला लिहिलं, तर लगेच उत्तर आलं: ‘तुमची गोपनीयता आमच्यासाठी मोलाची आहे.’ त्या उत्तराच्या खालीही जाहिरात होती. हेमालीनं तोंडाला येईल ती शिवी हासडली आणि मग ढसाढसा रडली. एकवीरा आईला तिनं एवढंच मागितलं, की माणूस परत येऊ दे.

आणि तो आला. बोट मासळीनं भरलेली, अल्पेशचं कपाळ स्वच्छ. धक्क्यावर सगळ्यांच्या देखत तिनं त्याच्या डाव्या भुवईवरून हात फिरवला. “याड लागला काय गो?” म्हणून तो हसला. ती जेवण करायला घरी आली तेव्हा तिच्या जिवात जीव आला होता.

ती गेल्यावर मासळी उतरवून बोट पुन्हा बांधताना दोर सटकला आणि लोखंडी कडी अल्पेशला लागली. फार नाही, थोडं खरचटलं. रेवदंड्याच्या डॉक्टरनं पट्टी लावली. तो घरी आला आणि निळ्या दरवाजाला टेकून उभा राहिला.

डाव्या भुवईवर. तिरकी.

हेमाली अंगणात होती. तिनं मोबाइल काढला. मावशीकडून घेऊन ठेवलेला तो फोटो उघडून लांबूनच त्याच्याशी ताडून पाहिला. तोच शर्ट, तीच पट्टी. फक्त हार नव्हता.

“आत व्हा... आदी आत व्हा तुमी.”

“अगं पन झाला काय?”

इतक्यात मागून हसणं-खिदळणं ऐकू आलं. बोटीचा मालक काळूराम चार खलाशांना घेऊन येत होता. एवढी मासळी आणली, तर तांडेलाचा मान करायला नको? त्याच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेली पुडी होती. झेंडूचा वास अंगणात आधी पोचला.

“शेठ, न्हाय... हार नको. पाया परते तुमच्या...”

“वहिनी, लाजता काय? मान हाय त्याचा.”

सगळे हसले. अल्पेशही हसला आणि त्यानं मान वाकवली. ती धावली, पण मध्ये माणसं होती. हार त्याच्या गळ्यात पडला.

हेमालीच्या हातातल्या मोबाइलच्या कोपऱ्यात, कॅमेरा चालू झाला की पेटतो तो हिरवा ठिपका पेटला. तिनं कशालाच हात लावला नव्हता.

अल्पेशनं मान वर करून मोबाइलकडे पाहिलं. त्याचं हसू हळूहळू मावळलं.