उपाशी वाकळ

बाळगोंडा वाकळ आणायला निघाला होता, एवढंच. अक्कोळहून गळतग्याला, सख्ख्या आत्याच्या घरी, तेही दिवसाउजेडी. यात भिण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. शहरात, टिळकवाडीत खोल्या घेऊन शिकणारी पोरं तुम्ही, म्हणणारच. पण हाच बाळगोंडा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत माझ्या शेजारी बसून हे सांगत होता, तेव्हा बोलता बोलता दोनदा उठून दाराची कडी बघून आला होता. चांगला पैलवान गडी, बैलाला शिंगं धरून थांबवणारा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

साल एकोणीसशे चौतीस. पौषातली अवस. बैल गुऱ्हाळाला जुंपलेले, म्हणून तो चालतच गेला.

त्याची आत्या चंपाबाई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि सगळा जीव बस्तीतल्या एका जुन्या पोथीत. आम्हा मराठ्यांचं जसं देऊळ, तशी जैनांची बस्ती. त्या पोथीत रंगीत चित्रं होती, प्रत्येक पानाला तांबडा समास, समासात वेलबुट्टी. चंपाबाई रोज दुपारी पोथीपुढं बसायची, चित्र डोळ्यांत भरून घ्यायची आणि घरी येऊन तेच कापडात उतरवायची. पोथ्यांची वेष्टनं शिवायची. बायकांना स्तवनं उतरून घ्यायला वह्या बांधून द्यायची, त्यांच्या पुठ्ठ्यांवरसुद्धा त्याच पोथीतली कमळं. पण तिची खरी करामत म्हणजे वाकळ. तुम्ही शहरात गोधडी म्हणता ती. जुन्या धोतराचा हत्ती, विटक्या इरकलीचा सिंह, आणि चहूबाजूंनी तांबडा काठ. अंथरली की पोथीचं एक भलंमोठं पानच अंथरलं असं वाटायचं. चिकोडीपर्यंतच्या बायका तिच्याकडं कापडं धाडायच्या.

आता ही वाकळ होती बाळगोंडाच्या धाकट्या बहिणीची, पद्मावतीची. तीर्थंकरांच्या आईला गरोदरपणी सोळा स्वप्नं पडली म्हणतात. हत्ती, बैल, सिंह, चंद्र, सूर्य, माशांची जोडी, अशी सोळा. ती सगळी या वाकळेवर घ्यायची होती. कारण पद्मावतीची दोन पोरं गेली होती. दोन्ही मुलगेच, आणि दोन्ही बारशाआधीच. हे तिसरं बाळंतपण. माहेरी आली होती, पण पोर मनानं पार खचलेली. जेवायची नाही, बोलायची नाही. एकच म्हणायची, "आत्याची वाकळ आली तरच ह्यो जीव ऱ्हाईल."

त्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या आणि बाळगोंडा सुटला.

पोचला तेव्हा चंपाबाई वाकळेच्या शेवटच्या घरावर, म्हणजे चौकोनावर होती. सोळावं स्वप्न, धूर नसलेली आग. नारिंगी चिंधीच्या ज्वाळा कातरून एकेक लावत होती. हा शेजारी बसून चुळबुळ करतोय. घाई केली की ती डोळे वटारायची. ज्वाळा लागल्या, काठ फिरला, आणि बघता बघता उन्हं भिंतीवरून उतरली. दिवस बुडाला. चंपाबाईनं सुई तिथंच खोचली आणि हात जोडले.

"झाली न्हवं?" बाळगोंडानं विचारलं.

"तोंड ऱ्हायलंय."

तुम्हाला हे ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आपल्या भागात वाकळ शिवताना एक कोपरा उघडा ठेवतात. ते वाकळेचं तोंड. त्यात भाकरीचा घास भरायचा आणि मग टाके घालून बंद करायचं. कारण वाकळ म्हणजे माणसांच्या अंगावरची कापडं. कितीकांची ऊब, कितीकांची झोप तिच्यात मुरलेली असते. तिला एकदा जेवू घातलं की ती तृप्त होते. उपाशी वाकळ पांघरू नये, असं माझी आजीही म्हणायची.

"मग भर की घास आनि घाल टाकं," बाळगोंडा म्हणाला.

"दिवस बुडाला रं. दिवस बुडाल्यावर माझ्या घरात कुनाच्या तोंडात घास जात न्हाय. मानसाच्या न्हाय, मग वाकळंच्या कसा जाईल? सकाळी भरते. झोप हितंच."

"पद्मीला सकाळपासनं कळा हाईत गं आत्या. वाकळंची वाट बघत जीव धरून बसलीया."

चंपाबाईनं वाकळेवरून हात फिरवला.

"ह्यो चंद्र बघ. थोरल्याच्या कुंचीचा हाय. आन् ह्यो सूर्य, धाकट्याच्या झबल्याचा. पद्मीनंच धाडल्यात. ती बी जवळ असू देत म्हनली." तिचा आवाज खाली आला. "दोघं बी उपाशी गेल्यात रं बाळगोंडा. एकानं बी धड दूध वडलं न्हवतं... म्हनून म्हनते, हिला उपाशी नेऊ नगं."

पण भावाचा जीव. तो ऐकेना. शेवटी तिनं घडी घालून दिली, कोपऱ्यात सुई-दोरा तसाच. "सकाळी सूर्य उगवला की घास भर, तोंड शीव, मग पद्मीच्या अंगावर घाल. तवर घडी मोडायची न्हाय. माझी आन हाय तुला."

त्यानं आण घेतली. वाकळ खांद्यावर टाकली. वाकळेचं तोंड त्याच्या कानाशी आलं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

गाव मागं पडलं. अवसेचा अंधार. दोन्ही बाजूंना तंबाखूची रानं. थंडी मी म्हणत होती, पण बाळगोंडाचा वाकळेखालचा खांदा गरम होता. आधी त्याला बरं वाटलं. मग वाटलं, ही ऊब आपली नव्हे. कुणीतरी आत्ताच अंगावरून काढून ठेवावी, तशी होती ती.

मग वाकळ जड झाली. त्यानं खांदा बदलला. जडच.

मग मानेवर काहीतरी ओलं लागलं. त्यानं हात लावून बघितलं. दव असेल म्हणाला. पण दव गार असतं. हे कोमट होतं.

त्यानं णमोकार सुरू केला. लहानपणापासून झोपेतही न चुकणारा मंत्र. णमो अरिहंताणं... णमो सिद्धाणं... आणि पुढचं आठवेना. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच अडला. कारण दर वेळी तो थांबला की कानाशी काहीतरी थांबत होतं. बारीक. चुकचुक. चुकचुक.

पुढं एका रानात शेकोटी दिसली आणि बाळगोंडाच्या जिवात जीव आला. तंबाखूच्या राखणीला मष्णू बसला होता, ओळखीचाच गडी. भाकरीचं फडकं सोडून जेवत होता.

"या अण्णा, शेका," तो म्हणाला. "आन् एवढ्या थंडीचं पोरास्नी घिऊन कुटं?"

"पोरास्नी?"

"तर काय. एक खांद्यावर, एक पाटीवर. पाय उगडं पडल्यात बघा की त्येंचं."

बाळगोंडा जागच्या जागी थिजला. मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही. मष्णूनं शेकोटीतलं जळकं लाकूड उचलून वर धरलं, नीट बघितलं. त्याचा घास तोंडातच राहिला.

"अण्णा... कुनाची हाईत ही?"

बाळगोंडानं खांद्यावरची वाकळ घट्ट धरली.

"भुकं हाईत." मष्णूनं अर्धी भाकरी पुढं केली. "द्या त्यास्नी. घास द्या अण्णा."

आणि बाळगोंडाच्या तोंडून आयुष्यभराची सवय बोलली, "रातचं आमच्यात चालत न्हाय."

मष्णू उठून शेकोटीच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. "मग हितं थांबू नगा," एवढंच म्हणाला.

पुढच्या वाटेचं बाळगोंडा फार सांगायचा नाही. ओढ्याशी आल्यावर वाकळ पाण्यात टाकून पळावं असं त्याच्या मनात आलं होतं. टाकली नाही. भाचेच होते ना. दोघांनाही यानंच मातीत ठेवलं होतं, स्वतःच्या हातानं. त्याला रडू आलं. भीतीनं आलं की मायेनं, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. थोपटायला म्हणून त्यानं हात मागं नेला...

घडीच्या आत कुणीतरी अंग चोरलं.

मग तो धावला. घर येईपर्यंत धावला.

घरी पद्मावती नुकतीच बाळंत झाली होती. मुलगी. बाळंतपण करणारी मालुबाई दारात आली. "आना अण्णा वाकळ लवकर. पोर लई गार हाय, गुंडाळू द्या."

"नगं!" तो एवढ्या जोरात ओरडला की ती मागं सरली. त्यानं वाकळ सोप्यात नेऊन ठेवली, घडी होती तशी. दार ओढलं. कडी घातली. आणि दाराला पाठ लावून बसला.

आतल्या खोलीतून पद्मावतीचा आवाज आला. अगदी क्षीण. "अण्णा... आनलीस न्हवं?"

"सकाळी देतो गं. तोंड शिवायचं ऱ्हायलंय."

आतून कूस बदलल्याचा आवाज आला.

"अण्णा, मला ऐकू यायला लागलंय."

"काय?"

"...चोखत्यात."

त्यालाही येत होतं. पाठ टेकली होती त्या दारातून. चुकचुक. आता बारीक नव्हतं. दोन जागांहून येत होतं. आणि जसजसा तो आवाज वाढला, तसतसं आतलं बाळ रडायचं कमी झालं. आधी हुंदके. मग नुसता श्वास. मालुबाई तळपाय चोळत होती, बाळगोंडाची आई देवाचं नाव घेत होती. "रंग उतराय लागला वो पोरीचा," मालुबाई म्हणाली. "अण्णा, काय तरी करा..."

बाळगोंडा उठला. स्वयंपाकघरात गेला. भाकरीची दुरडी पालथी. दिवस बुडायच्या आत उरलंसुरलं जनावरांना घालायचं, हा त्यांच्या घराचा नेम. सगळ्या गावात त्या घराची शिस्त वाखाणायचे लोक. आणि आज भरल्या कणगीच्या घरात एक शिजलेला घास नव्हता. तो कपाळ बडवून घ्यायचा बाकी राहिला.

"मालुबाई, तुझ्याजवळ भाकरी हाय?"

"हाय की, पडवीत. तुमच्यात चालत न्हाय म्हनून भाईर ठिवलीया."

त्यानं फडक्यातली शाळवाची भाकरी काढली. लहानपणी मुनीमहाराजांसमोर घेतलेलं व्रत त्याला आठवलं. सूर्य मावळल्यावर अन्नाला हात नाही. त्यानं डोळे मिटले आणि एक तुकडा मोडला.

कंदील बाळंतिणीच्या खोलीत होता. सोप्यात काळोख. कडी काढली तसा आवाज थांबला.

वाकळ ठेवली होती तिथं नव्हती.

पायाला लागली. सोप्याच्या मधोमध. घडी मोडलेली... पसरलेली. दाराकडं आलेली.

तो खाली बसला. चाचपत कोपरा शोधला. तोंड सापडलं. दोन कापडांमधली फट ती, बोटभर जाड वाकळ. त्यानं घास धरून हात आत घातला.

बोटं गेली. मनगट गेलं. हात कोपरापर्यंत गेला...

आत ऊब होती.

मग बोटांना काहीतरी लागलं. मऊ. ओलं. दात नव्हते. हिरड्या.

घास घेतला.

तो हलला नाही. त्याला हलताच येईना. आणि मग शेजारून दुसऱ्या हिरड्या. रिकाम्या बोटांना धरलं. चोखायला लागल्या. चोखतच राहिल्या. त्यानं डाव्या हातानं दुसरा तुकडा मोडला. आत सरकवला. तोही घेतला.

"पुरं," तो म्हणाला. "पुरं रं बाळांनो... तिला सोडा. तुमचीच भन हाय."

किती वेळ गेला कुणास ठाऊक.

बोटं सुटली.

त्यानं हात काढला, कोपऱ्यातली सुई घेतली आणि अंधारातच टाके घालत सुटला. वेडेवाकडे. बोटात शिरली तरी थांबला नाही. शेवटची गाठ मारली आणि आतल्या खोलीत पोरीनं टाहो फोडला. असा की शेजारपाजारचे जागे झाले.

सकाळ झाली. ऊन आलं. वाकळ नुसती वाकळ होती, सोळा स्वप्नांची, हलकी, गार. बाळगोंडानं सगळं पद्मावतीला सांगितलं. ती रडली नाही. वाकळ ओढून अंगावर घेतली आणि चंद्राच्या घरावर गाल टेकवला. पोरगी तांबडीलाल, रात्रीपासून आईच्या कुशीतून हललीसुद्धा नव्हती.

मालुबाईनं तिला न्हाऊ घालायला घेतलं. मुठी घट्ट मिटलेल्या. धुवायच्या म्हणून तिनं उजवी मूठ हळूच उघडली, आणि तशीच बसून राहिली. मुठीत शाळवाच्या भाकरीचा तुकडा होता. ओला. चोखून चोखून पांढरा पडलेला.

डावी मूठ पद्मावतीनं कुणाला उघडू दिली नाही.